आमची वाटचाल: धुराड्यापासून वाळूच्या नळीपर्यंत

पितळी पत्रा कापून वाफेच्या रेल्वे इंजिनाचं मॉडेल स्वतः उभं करणाऱ्याला बॉयलर गोल करणं जड जात नाही. दम निघतो तो पुढे. हँडरेलच्या, म्हणजे धरायच्या दांडीच्या खुंट्या, दिवा अडकवायचे आकडे, स्मोकबॉक्सच्या, म्हणजे धुराड्याखालच्या पुढच्या कप्प्याच्या दाराची मूठ, चाकं घसरू नयेत म्हणून रुळावर वाळू सोडणाऱ्या नळ्या. आमची फर्म हेच किडुकमिडुक ओतून विकण्यावर उभी आहे, आणि याच्याच पायी बुडायलाही आली होती.

सुरुवात दोघांची. भागीदार लेथवरचा माणूस. धुराडं, घुमट, सेफ्टी व्हॉल्व्ह यांचे मूळ नमुने तो वळायचा. नमुन्यावरून मेणाच्या प्रती काढणं, त्यांच्या जागी पितळ ओतणं आणि कानस माझ्याकडे. टेबलावर मावणारा त्याचा लेथ अजून आमच्याकडे आहे, आणि तेल दिल्याशिवाय त्याला कुणी हात लावलेला मला चालत नाही. नमुना तो मुद्दाम किंचित मोठा ठेवायचा, कारण ओतलेलं पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं, मेण आकसतं ते वेगळंच. नंतरची वर्षं बरी गेली.

मग एकाने, नाव घेत नाही, आमचेच तयार भाग विकत घेतले, त्यांच्यावरून रबरी साचे केले आणि निम्म्या भावात विकायला काढले. वर आम्हालाच ऐकवलं गेलं की तुमचा माल महाग! ऑर्डरी आटल्या, भागीदार कंटाळून बाहेर पडला, लेथ विकायची बोलणी झाली. त्या दिवसांत कोण कोण फोन उचलेनासे झाले, ते मला नावानिशी पाठ आहे.

एकच गिऱ्हाईक हललं नाही. वाफेच्या इंजिनावर नोकरी काढलेले निवृत्त ड्रायव्हर. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. त्यांनी आमचं आणि नकलेचं अशी दोन्ही धुराडी आराखड्याशेजारी ठेवली आणि व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावला. 20 मिलिमीटर उंचीत नक्कल 0.3 मिलिमीटरने कमी भरली. भरणारच! आकसून झालेल्या भागाचाच नमुना केला, तर आकसण्यासाठी ठेवलेली जादा सूट येणार कुठून? काकांनी हे ओळखीतल्या प्रत्येकाला सांगितलं आणि खऱ्या फुटाला 7 मिलिमीटर या प्रमाणाच्या अख्ख्या इंजिनाचे भाग आगाऊ पैसे देऊन मागवले. लेथ वाचला.

आता कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. व्हाइटमेटलचा, म्हणजे कमी उष्णतेत वितळणाऱ्या मऊ मिश्रधातूचा भाग पितळेवर बसवताना पितळेला आधी 145 अंशांना वितळणाऱ्या सोल्डरचा हात द्या, मग 70 अंशांचं वापरा. थेट 70 चं पितळेला नीट धरत नाही, आणि 145 चं व्हाइटमेटलला लावायला गेलात तर भागच वितळून बसतो. आणि वाळूची नळी पितळी तारेची केलीत तर चाकाला टेकू देऊ नका. दोन रुळांतून वीज घेणाऱ्या मॉडेलमध्ये तिथेच शॉर्ट होतो. काकांच्या इंजिनाचे ब्रेकचे ठोकळे आम्ही प्लास्टिकचे लावले ते त्याचसाठी. त्यांना ते अजून पटलेलं नाही.