उरलेलं रक्त

मलावीच्या दक्षिणेला, मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी चहाचे मळे आहेत आणि त्यांच्या कडेला मिशनचं एक छोटं रुग्णालय. तिथल्या लॅबमध्ये मी स्वयंसेवक होतो. स्वयंसेवक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मुलांना कडेवर घेतलेले फोटो येतात. तसे फोटो काढायला दोन आठवड्यांसाठी येणारेही असत. ते गेले की सिस्टर हुश्श करायच्या. माझं काम म्हणजे पावसाळाभर मलेरियाच्या पट्ट्या, स्लाइड आणि हिमोग्लोबिन. युरोपातून देणगीत आलेलं मोठं अ‍ॅनालायझर, म्हणजे रक्त तपासायचं यंत्र, कोपऱ्यात चादर पांघरून पडलेलं होतं, कारण त्याला लागणारी रसायनं जवळपास कुठेच मिळत नव्हती. देणगीदाराच्या नावाची पाटी मात्र चकचकीत!

मी पोहोचलो तो जानेवारी 2018. त्याच्या आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मुलांजे आणि शेजारच्या फालोंबे भागात, रात्री रक्त शोषणारे फिरतात अशी अफवा उठली होती. जमावाने संशयावरून माणसं ठार मारली. रात्रीची संचारबंदी लागली, संयुक्त राष्ट्रांनी तिथले आपले कर्मचारी हलवले. आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत मी, एक परका माणूस, सुया आणि पिशव्या घेऊन हजर. भारतीयाला तिथे ‘म्वेन्ये’ म्हणतात आणि बहुतेकांनी पाहिलेला म्वेन्ये हा ब्लँटायर-लिंब्याच्या बाजारातला दुकानदार. दुकानदार रक्त काढतोय म्हणजे विकत असणार, हा हिशोब मला अगदीच चुकीचा वाटला नाही.

एके दिवशी दुपारी दोन वर्षांची एक मुलगी आली. वजन नऊ किलो, तळहात कागदासारखे पांढरे, श्वास धापा टाकल्यासारखा. मलेरिया पॉझिटिव्ह. हिमोग्लोबिनसाठी बोट टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाकायचा आणि बोट पिळायचं नाही. पिळलं की ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा पडतो. आकडा आला 3.4. चारच्या खाली गेलं की रक्त द्यायचं, तिथे चर्चा नाही. आमचे क्लिनिकल ऑफिसर डॉक्टर नव्हेत, तीन वर्षांचा डिप्लोमा आणि वर्षाची इंटर्नशिप केलेले, पण सिझेरियनसुद्धा तेच करत आणि हात असा की आपल्याकडच्या कितीतरी एमबीबीएसवाल्यांनी बघत राहावं. त्यांनी शिरेतून आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध सुरू केलं आणि माझ्याकडे बघितलं. फ्रिजमध्ये रक्त नव्हतं. रक्त देणारे बहुतेक शाळकरी पोरं. शाळांना सुट्टी लागली की फ्रिज रिकामा.

आई गरोदर. बाप लगेच पुढे आला. दात्याच्या एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया एवढ्या तपासण्या होतात. त्यातल्या एकीमुळे त्याचं रक्त घेता येईना. कुठल्या, ते नातेवाइकांपुढे सांगायचं नसतं. ‘जुळत नाही’ एवढंच म्हणायचं आणि नंतर त्याला एकट्याला समुपदेशकाकडे पाठवायचं. नियम योग्यच आहे. पण बापाचं रक्त लेकीला जुळत नाही म्हटल्यावर व्हरांड्यातल्या बायकांच्या ज्या नजरा फिरल्या, त्याला नियमात औषध नाही.

तिथली वंशपरंपरा आईकडून. लेकराचा निर्णय आईचा थोरला भाऊ घेतो. तो सायकल-टॅक्सीवर मागे बसून भिजत आला तेव्हा अंधार पडायला लागला होता. चहाच्या मळ्यात पानं तोलायच्या काट्यावर काम करणारा माणूस. गट ओ पॉझिटिव्ह, सगळ्या चाचण्या निगेटिव्ह, क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त एकमेकांशी जुळवून बघणं, तेही स्वच्छ. मी पिशवी काढली आणि त्याने हात मागे घेतला.

“या पोरीला किती लागणार?” सिस्टर दुभाष्या होत्या.

किलोला वीस मिली, म्हणजे 180.

“आणि या पिशवीत किती मावतं?”

450.

“मग उरलेलं कुठे जातं?”

अफवा उठल्यावर तिथल्या लोकांना अडाणी म्हणणारे साहेब मी बरेच ऐकले होते. या माणसाने वजाबाकी केली होती, एवढंच.

“निम्मंच घ्या,” तो म्हणाला. तेही जमत नव्हतं. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून 63 मिली द्रावण आधीच भरलेलं असतं, ते 450 मिलीच्या मापाने. रक्त निम्मं घेतलं तर द्रावणाचं प्रमाण बिघडतं. सिस्टरांनी ते चहात दूध जास्त झाल्यासारखं काहीतरी करून सांगितलं. त्याला पटलं की नाही कोण जाणे, पण काटा बघायला मिळेल का, असं त्याने विचारलं.

मी स्प्रिंगचा काटा त्याच्या डोळ्यांसमोर टांगला. दुसऱ्या हाताने पिशवी हलवत राहिलो. काटा साडेपाचशे ग्रॅमच्या पुढे गेला तसा तो ताडकन उठायला निघाला. “हे 450 नाही!” मी पिशवीचं वजन, द्रावणाचं वजन आणि रक्त पाण्यापेक्षा जड असतं ते सांगितलं. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. टोपलीचं आणि पानांवरच्या पाण्याचं वजन वजा करणं हे त्याचं रोजचं काम. मळ्यात बायका याच वजावटीवरून भांडतात, असं तो सिस्टरांना हसत म्हणाला.

रात्रीत मुलीची धाप थांबली. पहाटे तिने लापशी मागितली.

शेजारच्या खाटेवर ओ गटाचाच एक मुलगा होता, 4.6 वर. मामाने पिशवीतलं उरलेलं बघून त्याच्याकडे बोट केलं. द्या ना त्याला. पण एकदा रक्त चढवायची नळी टोचलेली पिशवी दुसऱ्याला लावत नाहीत, संसर्गाचा धोका. मी नाही म्हटलं आणि आजही नाहीच म्हणेन. तो मुलगा सकाळी अ‍ॅम्ब्युलन्सने मोठ्या रुग्णालयात गेला. पुढचं कळलं नाही. मामा माझ्यासोबत रुग्णालयाचा कचरा जाळायच्या भट्टीपर्यंत आला, पिशवी आत जाताना बघितली. उरलेलं विकत नाहीत, हे त्याला दिसलं. पण फेकतात हे विकण्यापेक्षा बरं आहे, असं काही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं.

“तुमच्या देशात पण फेकता?” मी सांगितलं, तिकडे एका पिशवीला नळीने जोडलेल्या आणखी पिशव्या असतात, टोचण्याआधीच रक्त वाटून ठेवता येतं, लहान मुलांना त्यातलं थोडं थोडं जातं.

“मग त्या इथे का नाहीत?”

सिस्टरांनी हे भाषांतर करून माझ्याकडे बघितलं, जणू त्यांनाही ऐकायचं होतं. मी त्याच आठवड्यात जोडपिशव्यांसाठी मागणीपत्र टाकलं, नऊ किलोचं गणित मांडून. उत्तर आलं नाही. पुढच्या खेपेला साध्या पिशव्यांचे दोन खोके आले आणि सोबत एक रंगीत पोस्टर: रक्ताचा प्रत्येक थेंब मोलाचा. सिस्टरांनी ते अ‍ॅनालायझरच्या वर चिकटवलं.