तुम्ही विचारलंत म्हणून: ते दगड टाकून का दिले नाहीत?

‘स्कॉट ऑफ द अंटार्क्टिक’ हा 1948 चा इंग्रजी सिनेमा मी भूगर्भशास्त्राच्या मुलांना बरीच वर्षं दाखवला. निवृत्तीनंतरही नागपुरात कुणी ना कुणी ‘सर, तो बर्फाचा सिनेमा दाखवा’ म्हणून बोलावतं. दगडांचं वजन मी आधीच सांगून ठेवलेलं असतं. त्यामुळे दिवे लागले की प्रश्न ठरलेला: “सर, पोटात अन्न नाही, पाय हिमदंशाने काळे पडलेत, गाडी हलत नाही, आणि गाडीवर सोळा किलो दगड! टाकून का नाही दिले?”

विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी चीड असते. असायलाच हवी.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी चार वाक्यांत गोष्ट. रॉबर्ट फाल्कन स्कॉट हा ब्रिटिश नौदलातला अधिकारी 1910 मध्ये ‘टेरा नोव्हा’ जहाजाने दक्षिण ध्रुवाकडे निघाला. वाटेत, मेलबर्नला, नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेनही तिकडेच निघाल्याची तार त्याच्या हातात पडली. स्वतः बर्फावरची गाडी (स्लेज) ओढत स्कॉट आणि चौघे सोबती 17 जानेवारी 1912 ला ध्रुवावर पोचले, तर अमुंडसेन 14 डिसेंबरलाच तिथे झेंडा लावून गेला होता. परतताना पाचही जण मेले. इव्हान्स आणि ओट्स आधी, आणि स्कॉट, विल्सन, बॉवर्स हे तिघे एका तंबूत, शिध्याच्या मोठ्या साठ्यापासून जेमतेम वीस किलोमीटरवर.

आता दगड. नोव्हेंबर 1912 मध्ये शोधपथकाला तो तंबू सापडला. (या पथकाबरोबर हिंदुस्थानातून नेलेली खेचरं होती. गुलाब, बेगम, राणी, प्यारी, अब्दुल्ला, लाल खान आणि खान साहेब. अंटार्क्टिकावर! मुलांना हे सांगितलं की पाच मिनिटं वर्ग हातात राहत नाही.) गाडीवरचं सामान काढलं, त्यात हे दगड निघाले. पथकात ट्रिग्वे ग्रान नावाचा तरुण होता. तो नॉर्वेचा, पण स्कॉटच्या मोहिमेतला. हे ओझं तरी वाचवता आलं असतं, अशा अर्थाचं त्याने डायरीत लिहून ठेवलं. तेव्हा तुम्ही विचारता तो प्रश्न जागेवरच विचारून झालेला आहे, आणि तोही बर्फावर जन्म काढलेल्यांच्या देशातल्या माणसाने.

दगड उचलले गेले 8 फेब्रुवारी 1912 ला, बिअर्डमोर हिमनदीच्या वरच्या अंगाला, माउंट बकलीच्या कड्याखाली. पठारावरचा जीवघेणा वारा मागे पडला होता आणि ऊन होतं. चौदा आठवडे पायाखाली नुसता बर्फ, आणि आता खडक! समुद्रप्रवास संपवून किनाऱ्यावर उतरावं तसं वाटलं, असं स्कॉटने त्या दिवशी लिहिलंय. कड्यात कोळशाचे थर दिसत होते. एडवर्ड विल्सन हा डॉक्टर आणि प्राणिशास्त्रज्ञ. भूगर्भशास्त्र त्याचा विषय नव्हे. पण नजर चित्रकाराची. दगडात उमटलेली पानं पाहून त्याने टिपून ठेवलं की मोठी पानं आकाराने आणि शिरांनी बीच वृक्षाच्या पानांसारखी आहेत. झाड ओळखायला तो चुकला, पण पाहिलं मात्र बरोबर. इव्हान्सची अवस्था तेव्हाच वाईट होती. नऊ दिवसांनी तो गेला. इतका मोलाचा वेळ दगड गोळा करण्यात घालवला, ही टीका मला मान्य आहे. वजनाची टीका मान्य नाही.

केंब्रिजच्या सीवर्ड या वनस्पतिजीवाश्मांच्या तज्ज्ञाने 1914 मध्ये त्या पानांचं वर्णन छापलं. पानं ग्लॉसोप्टेरिस इंडिका या केव्हाच नामशेष झालेल्या झाडाची निघाली. जिभेसारखं लांबट पान, मधोमध ठसठशीत शीर, तिच्या दोन्ही बाजूंना जाळी. नागपूरकरांना यात नवं काही नाही. कामठीच्या वालुकाश्मात हीच पानं मिळतात. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे त्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नागपूरच्या आसपास जीवाश्म गोळा करून विलायतेला पाठवले, त्यातही ग्लॉसोप्टेरिस होतं. चंद्रपूरच्या वीज केंद्रात जळणारा कोळसा म्हणजे त्याच काळातली, सुमारे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीची जंगलं. म्हणजे बर्फाखालच्या त्या खंडावर एकेकाळी विदर्भातल्यासारखंच रान होतं, आणि दोन्ही भूभाग एकाच गोंडवन खंडाचे तुकडे होते. पुरावा हवा होता, तो या गाडीवर आला. योगायोग बघा: अल्फ्रेड वेगेनरने खंडं सरकतात हा विचार फ्रँकफर्टमध्ये पहिल्यांदा मांडला तो 6 जानेवारी 1912 ला, स्कॉट ध्रुवावर पोचायच्या अकरा दिवस आधी. पुढे 1930 मध्ये वेगेनरही ग्रीनलंडच्या बर्फात गेला, पण तो वेगळा सिनेमा, आणि कुणीतरी काढायला हवा.

यात एक बाईही आहे, आणि ती सिनेमात नाही याचं मला फार वाईट वाटतं. मेरी स्टोप्स. संततिनियमनाच्या चळवळीमुळे हे नाव आपल्याला माहीत. तिने 1921 मध्ये लंडनला दवाखाना काढला, त्याच वर्षी र. धों. कर्व्यांनी मुंबईत काढला. पण मुळात ती वनस्पतिजीवाश्मांची अभ्यासक होती. मँचेस्टरला तिची स्कॉटशी गाठ पडली, मला मोहिमेवर न्या म्हणून तिने गळ घातली. त्याने नेलं नाही, पण जीवाश्म आणून द्यायचं कबूल केलं, असं सांगतात.

तर, का टाकले नाहीत? मला वाटतं कारण साधं होतं. ध्रुव गेला होता. अमुंडसेनजवळ नाही असं त्या गाडीवर जे होतं ते नोंदवह्यांत आणि या दगडांत. ते टाकायचे तर मग आलो कशाला? यात फार उदात्त काही शोधू नका. संशोधनाला निघालेला माणूस नमुने टाकत नाही. फील्डवर गेलेली माझी मुलंही पाण्याची बाटली रिकामी करायची, पण पिशवीतला दगड सोडायची नाहीत.

आणि सोळा किलोंनी जीव घेतला नाही. जीव घेणारी ओझी आधीच लादलेली होती, आणि सिनेमा परत बघाल तेव्हा लक्ष त्यांच्यावर ठेवा.

पहिलं ओझं फेब्रुवारी 1911 मधलं, म्हणजे मृत्यूच्या वर्षभर आधीचं. परतीसाठी टनभर शिधा आणि इंधन 80 अंश दक्षिणेला पुरून ठेवायचं ठरलं होतं. मांचुरियातून आणलेली तट्टं थंडीने गळाठली. ओट्स घोडदळातला, महूच्या छावणीत राहिलेला, घोड्यांतला जाणकार. तो म्हणाला, पुढे रेटू, पडतील ती मारू, मांस उपयोगी येईल. स्कॉटला ते हाल बघवेनात. साठा 79 अंश 29 मिनिटांवर टाकून ते मागे फिरले, ठरल्या जागेच्या सुमारे 57 किलोमीटर अलीकडे. शेवटचा तंबू आणि साठा यांत वीस किलोमीटर उरले होते. हिशेब तुम्हीच करा. साठा मुळात ठरला होता तिथे असता तर शेवटच्या तंबूच्या कितीतरी आधी त्यांना लागला असता. मुक्या जनावरांवर केलेली दया इतकी महागात पडावी! मला स्कॉटचा यात राग येत नाही, पण ओट्सची कीव येते.

दुसरं ओझं रॉकेलचं. साठ्यांतल्या डब्यांची झाकणं चामड्याच्या वॉशरची. पराकोटीच्या थंडीत चामडं आकसलं, रॉकेल उडून गेलं. परतीच्या वाटेवर डबा उघडावा आणि आत हिशेबापेक्षा कमी, असं पुन्हा पुन्हा झालं. रॉकेल नाही म्हणजे जेवण गरम नाही एवढंच नव्हे. बर्फ वितळल्याशिवाय प्यायला पाणीही नाही. अमुंडसेनने आपले डबे डाख लावून बंद केले होते.

तिसरं, पाचवा माणूस. सगळा शिधा चार-चार जणांच्या हिशेबाने बांधलेला. ऐन वेळी स्कॉटने बॉवर्सला पाचवा म्हणून घेतलं. तंबू चौघांचा, स्टोव्हवर वेळ जास्त, आणि बॉवर्सच्या स्की मागे ठेवलेल्या, म्हणून तो पायी. हा बॉवर्स रॉयल इंडियन मरीनमधला. बुटका, नाकाडा, आणि सगळ्यांत काटक.

चौथं ओझं कुणीच लादलेलं नव्हतं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून पारा उणे तीस, उणे चाळीसकडे गेला. स्लेज घसरते ती पट्ट्यांखाली बर्फाचा पातळ थर ओलसर होतो म्हणून. इतक्या थंडीत तो होत नाही. कण कोरडे राहतात आणि गाडी वाळूतून ओढावी तशी ओढावी लागते. स्कॉटच्या डायरीत हीच तक्रार आहे. अशा पृष्ठभागावर सोळा किलो कमी केले असते तर किती फरक पडला असता? थोडा पडला असता. वीस किलोमीटरांचा नाही. शेवटी वादळाने तंबूत कोंडलं तेव्हा तर गाडी ओढायचा प्रश्नच उरला नव्हता.

सिनेमा यातलं काही लपवत नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. नॉर्वेत ध्रुवप्रवासी नान्सेन स्कॉटला बजावतो की कुत्रेच घे, आणि स्कॉट मोटारी आणि तट्टंही घेतो, हे पडद्यावर आहे. पण महायुद्ध संपून तीन वर्षं झालेली, दिग्दर्शक चार्ल्स फ्रेंड आणि ईलिंग स्टुडिओला कारणांपेक्षा धीर दाखवायचा होता. जॉन मिल्सचा स्कॉट इतका सभ्य आहे की त्याला प्रश्न विचारायला संकोच वाटावा. विल्सनच्या हातात जीवाश्म येतो, हा प्रदेश कधी उबदार होता असं बोलणं होतं, आणि गाडी पुढे जाते. माझा विषय तेवढ्यात संपतो!

चीड आहे ती संगीतात. राल्फ वॉन विल्यम्सला हे काम मिळालं तेव्हा तो पंचाहत्तरीच्या घरात होता. मोहिमेची हकिगत वाचताना तिच्या ढिसाळ आखणीवर तो मनस्वी चिडला होता. त्याने शब्दांवाचून गाणारा बाईचा आवाज आणि वाऱ्याचं यंत्र वापरून असा बर्फ उभा केला की त्याला माणसांशी काही देणंघेणं नाही. पुढे त्यातूनच त्याची सातवी सिंफनी झाली, 1953 मध्ये मँचेस्टरला पहिल्यांदा वाजली.

बर्फाचंही सांगून टाकतो, कारण दुसरा हमखास प्रश्न तोच: खरा आहे का? काही दृश्यं खरोखर अंटार्क्टिकातली, काही आल्प्समधली, काही स्टुडिओतली. आणि बराचसा बर्फ नॉर्वेतल्या हार्डांगर हिमक्षेत्रावरचा, म्हणजे अमुंडसेनच्या देशातला. पुढे 1979 मध्ये ‘स्टार वॉर्स’वाल्यांनी आपला बर्फाळ ग्रह याच ठिकाणी चित्रित केला. मोटार-मेकॅनिक डेच्या भूमिकेतला तरुण क्रिस्टोफर ली ओळखता आला तर बघा. मुलं त्याला ड्रॅक्युला म्हणून ओळखतात.

दगड आता लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे आहेत. तिथवर जाणं जमलं नाही तर कामठीला चला. हातोडी माझ्याकडे आहे; टोपी आणि पाणी तुमचं तुम्ही आणा, आणि मे महिन्यात येऊ नका.