जेलीफिशवरचा स्वार

अमावास्या दोन दिवसांवर होती. सूर्य मावळून दीड तास झाल्यावर, खाली सातशे-आठशे मीटर पाणी आहे अशा जागी, समुद्रात उतरून फोटो काढण्यासाठी आम्ही दोर सोडला. दिवसभर खोल अंधारात राहणारे प्लवक, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणारे जीव, रात्री चरायला वर येतात आणि उजाडायच्या आत खाली परततात. रोज होणारं प्राण्यांचं इतकं मोठं स्थलांतर पृथ्वीवर दुसरं नाही. लख्ख चांदणं असलं की त्यातले बरेच जण वरच्या थरापर्यंत येत नाहीत, म्हणून रात्र ठरवताना आधी तिथी बघायची.

दोर 20 मीटरचा. टोकाला 4 किलो शिसं, वर लुकलुकता दिवा लावलेला बोया, आणि दर 5 मीटरवर पाण्यात चालणारा एक दिवा. हवाईतल्या कोनाजवळ डायव्हरांना बोटीखालच्या दोरांना बांधून ठेवतात. आम्ही बोया मोकळा सोडतो, कारण बोटीला वारा ढकलतो आणि प्लवकांना पाणी. वारा असताना दोर बोटीला बांधला तर तो तिरका होऊन पाण्यातून ओढला जातो. त्याच्या जवळ राहायचं तर सतत पोहावं लागतं आणि समोरचं जनावर मागे सुटतं. मोकळा दोर, डायव्हर आणि प्लवक एकाच प्रवाहात एकाच वेगाने वाहतात. बोट वाऱ्याच्या खालच्या बाजूला, इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून, बोयावर नजर ठेवते.

टाकीत 32 टक्के ऑक्सिजनचं मिश्रण होतं. श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब 1.4 बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, या हिशेबाने त्याची मर्यादा 33 मीटर. काम 5 ते 18 मीटरमध्ये चालतं, त्यामुळे ही मर्यादा लांबची वाटते. पण इथे खाली तळ नाही. नजर व्ह्यूफाइंडरमध्ये असताना माणूस बुडतोय की तरंगतोय हे शरीराला कळत नाही. म्हणून कॉम्प्युटरचा गजर 18 वर लावायचा आणि जोडीदाराचं पहिलं काम फोटोग्राफरची खोली बघणं हे असायचं. आपला कॅमेरा घेऊन आलेला जोडीदार या कामाला निरुपयोगी, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅमेरा फुल-फ्रेम, 60 मिमी मॅक्रो, सपाट पोर्ट (लेन्ससमोरची काच). शटर 1/200, छिद्र f/18, आयएसओ 400. स्ट्रोब (पाण्याखालचे फ्लॅश) मॅन्युअलवर, पाव पॉवर. टीटीएल, म्हणजे फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं, इथे फसतं: फ्रेमचा बहुतेक भाग काळा, त्यामुळे कॅमेरा उजेड कमी पडला असं समजून पॉवर वाढवतो आणि इवलंसं जनावर जळून पांढरं होतं. स्ट्रोब पोर्टच्या दोन्ही बाजूंना, थोडे मागे आणि तोंडं किंचित बाहेर. उजेडाच्या झोताची फक्त आतली कड जनावराला लागली पाहिजे. मधल्या पाण्यावर उजेड पडला की त्यातला प्रत्येक कण फोटोत पांढरा ठिपका होऊन बसतो.

साधारण 12 मीटरवर मुठीएवढी एक जेलीफिश दिसली. टॉर्च बाजूने फिरवली तेव्हा तिच्या छत्रीवर काचेच्या तुकड्यासारखी एक चमक उठली. जवळून पाहिलं तर फिलोसोमा. शेवंडांची आणि स्लिपर लॉब्स्टरांची ही अळी-अवस्था. चपटं, पारदर्शक शरीर, फार तर 3 सेंटीमीटर. लांब दांड्यांवर डोळे. कोळ्यासारखे लांब पाय छत्रीच्या वरच्या बाजूला रुतवून बसलेला. हे प्राणी जेलीफिशवर नुसते स्वार होत नाहीत, ते तिला खातातही. आयबॅकस नोव्हेमडेन्टॅटस या जातीवर जपानी संशोधकांनी 2016 साली दाखवलं, की जेलीफिशच्या दंशपेशी या अळीच्या आतड्यात एका पातळ पापुद्र्यात गुंडाळल्या जातात आणि तशाच विष्ठेतून बाहेर पडतात.

पहिल्या दोन-तीन फ्रेम नेहमीच्या मांडणीत घेतल्या आणि स्क्रीनवर फक्त डोळे आणि जेलीफिश दिसली. यात नवल नाही. समोरून आलेला उजेड पारदर्शक शरीरातून आरपार जातो, लेन्सकडे परत काहीच येत नाही. मागे काळं पाणी, म्हणून शरीरही काळं. अशा वेळी पॉवर वाढवली तर जेलीफिश जळते आणि अळी तरीही दिसत नाही. उजेड बाजूने आणि जरा मागून आला तरच कडांवर, सांध्यांवर तो विखुरतो आणि आकार उमटतो. मी डावा स्ट्रोब बंद केला. उजव्याचा आर्म पूर्ण लांबवून तो अळीच्या वर, थोडा पलीकडे नेला आणि तोंड खाली केलं. झोत पोर्टच्या काचेवर येता कामा नये, नाहीतर सगळी फ्रेम दुधाळ होते.

आता फोकस. अर्ध्या मॅग्निफिकेशनला (सेन्सरवर जनावर निम्म्या आकाराचं) f/18 वर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम 6 मिमी. छिद्र आणखी लहान केलं तर डिफ्रॅक्शनने, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने, बारीक तपशील पुसट होतात, म्हणून मी f/22 च्या पुढे जात नाही. अळी चपटी असल्याचा फायदा एवढाच, की सेन्सर तिच्या शरीराला समांतर आला तर डोळ्यांपासून पायांपर्यंत सगळं त्या 6 मिमीत बसतं. पण जेलीफिश आकुंचन पावते तशी हळूहळू गिरकी घेते आणि अळी पलीकडे जाते. पाठलाग करून उपयोग नसतो. फिनच्या एका फटक्याने दोघं गरगर फिरतात. फोकस 10-12 सेंटीमीटरवर कायम केला, नाहीतर ऑटोफोकस तरंगत्या कणांवर जाऊन अडकतो. मग श्वास संथ ठेवून गिरकी पूर्ण व्हायची वाट पाहिली. मधे फोकस लाइटपुढे बारीक किड्यांचा थवा जमला. लाइट विझवून, जरा बाजूला सरकून पुन्हा लावला तेव्हा तो पांगला.

जेलीफिश एव्हाना खाली निघाली होती. जोडीदाराने खांद्यावर दोनदा थाप दिली: 16 मीटर. पुढची गिरकी शेवटची, असं ठरलेलंच होतं. अळी समोर आली, समांतर झाली, तेव्हा सलग चार फ्रेम घेतल्या. स्ट्रोब पाव पॉवरवर असल्याने चारही वेळा चमकला. 18 वर गजर वाजला आणि आम्ही दोराकडे वळलो. 5 मीटरवर तीन मिनिटं थांबून वर आलो.

चारपैकी एका फ्रेममध्ये ढालीतून दिसणारी पाचक ग्रंथीची फांद्याफांद्यांची जाळी स्वच्छ होती. माझ्या दृष्टीने महत्त्वाच्या होत्या त्या मिशा. शेवंडाच्या मोठ्या फिलोसोमाची दुसरी मिशी लांब आणि बारीक असते, स्लिपर लॉब्स्टरची आखूड आणि चपटी. इथे ती आखूड, पानासारखी होती. म्हणजे स्लिपर लॉब्स्टरचं कुळ, सायलॅरिडी. फोटोवरून मी एवढंच लिहून दिलं. नेमकी जात ठरवायला नमुना आणि डीएनए लागतो, आणि तो स्वार जेलीफिशसकट खाली गेला होता.