ती काळी चार

लॉस एंजेलिसमध्ये मी कोरसच्या रेकॉर्डिंगचं एडिटिंग करते. लोकांना वाटतं, आता काय, कंप्युटर सूर लावून देतो. एकट्या गायकाचा देतो हो. चर्चमध्ये चाळीस जण गातात तेव्हा प्रत्येक माइकमध्ये सगळेच शिरलेले असतात. एकीचा सूर हलवायला गेलं की उरलेले एकोणचाळीसही हलतात. मग दुसऱ्या टेकमधला तुकडा आणून जोडायचा. जोड लपवायला 'मिस्टेरियुम' या लॅटिन शब्दातला 'स' ही सोन्यासारखी जागा. त्या सळसळीत काहीही खपतं. लांबलेल्या 'आ'वर कात्री लावून बघा! त्यातून साथीला वाद्य नसलं की कोरस टेकागणिक थोडा थोडा उतरतो, आणि पहिल्या टेकला सहावा जुळता जुळत नाही.

काम होतं अमेरिकन संगीतकार मॉर्टन लॉरिड्सनच्या 'ओ माग्नुम मिस्टेरियुम'चं. नाताळच्या पहाटेच्या प्रार्थनेतले लॅटिन शब्द, गोठ्यातल्या बाळाला जनावरं बघतायत असे. व्हिक्टोरिया या स्पॅनिश संगीतकाराने सोळाव्या शतकात त्यांना चाल लावली होती. लॉरिड्सनची रचना १९९४ ची, इथल्याच मास्टर कोराल या कोरसने पहिल्यांदा गायलेली. चर्चमधल्या जुन्या ग्रेगोरियन पठणासारख्या संथ, लांब ओळी, रेनेसाँच्या चर्चसंगीताची छाया. सगळं डी मेजरमध्ये, म्हणजे आपल्या पेटीची पांढरी दोन.

रात्री दीड वाजता 'बेआता व्हिर्गो'शी, म्हणजे 'धन्य कुमारी' मेरीच्या ओळीशी आले. 'व्हिर्गो'वर आल्टोच्या, म्हणजे खालच्या आवाजाच्या बायका मधेच काळी चार लावत होत्या. पांढरी दोनचा सा, आणि त्यात तीव्र मध्यम! दादरला दहा वर्षं गाणं शिकलेला माझा कान चिडलाच. सहाही टेक ऐकले. पाचांमध्ये तेच, चौथ्यात मात्र शुद्ध मध्यम. म्हटलं, चला, एकदा तरी जमलं बायांना! तुकडा लावला, सांधा असा बसला की मलाच सापडेना. नोटेशन शेजारीच पडलं होतं. उघडलं नाही.

सकाळी कंडक्टरने एकदाच ऐकलं. "मेरीचं काय केलंस?" एवढंच विचारलं. मग पान उलटून स्वर अर्धा चढवणाऱ्या त्या शार्पच्या खुणेवर बोट ठेवलं.

लॉरिड्सनने स्वतःच लिहून ठेवलंय: अख्ख्या रचनेत डी मेजरबाहेरचा स्वर तेवढा एकच. ज्या बाईने ते बाळ पोटात वाढवलं, तिलाच पुढे त्याचं मरण बघायचंय. तिचं दुःख एका स्वरात ठेवायचं होतं त्याला. ते मी पुसलं होतं, आणि वर सफाईचं कौतुकही करून घेतलं होतं स्वतःशी. चौथ्या टेकमध्ये त्या बायका नुसत्या चुकल्या होत्या.

रविवारी पॅसाडेनाला नॉर्टन सायमन संग्रहालयात जाऊन आले. सुर्बारान या स्पॅनिश चित्रकाराचं १६३३ चं एक चित्र तिथे आहे. लॉरिड्सनला या रचनेसाठी त्याचाच आधार वाटला होता. काळ्याभोर पार्श्वभूमीवर लिंबं, संत्र्यांची टोपली, आणि पाण्याच्या पेल्याशेजारी बशीच्या कडेवर एकच गुलाब. बराच वेळ उभी होते. घरी असते तर तो गुलाब मी सरळ करून ठेवला असता.

शेवटी दुसरा टेक लावला. त्यात त्याच जागी बाक करकरतो. कंडक्टर म्हणाला, राहू दे. मला करकर चालते, पण तो तीव्र मध्यम आला की हात अजून माउसकडे जातो.