डॉक्टरांना ताटाचा फोटो दाखवला

मागच्या महिन्यात ब्लड टेस्टचा रिपोर्ट आला, एचबीएवनसी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर) 43. पोटात गोळाच आला, मग कळलं की इथे ब्रिटनमध्ये मोजायचं माप वेगळं आहे, आपल्याकडच्या हिशोबाने ते 6.1 टक्के, म्हणजे डायबेटीस नाही पण अगदी उंबरठ्यावर (इथे 42 ते 47 प्रीडायबेटीस आणि 48 पासून डायबेटीस धरतात). वजनाचं मला टेन्शन नव्हतं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 24, पंचविसाच्या आत, पण जीपी म्हणाल्या की तुमच्या साउथ एशियन लोकांना 23 पासूनच धोका वाढतो. जीपी म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर.

त्यांनी ईटवेल गाइडचं चित्र दाखवलं, इथल्या सरकारचं आहे ते, गोल ताटलीचे रंगीत भाग केलेत. तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या जास्त भाज्या-फळं, साधारण तेवढंच ब्रेड, भात, पास्ता, बटाटा, आणि उरलेल्यात डाळी, मासे, दूध वगैरे. मी बघतेय तर यात आपली पोळी कुठे, वरण कुठे! मग सरळ फोन काढला आणि आदल्या रात्री आईला पाठवलेला जेवणाचा फोटो दाखवला, वरण-भात, दोन पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, पापड, लोणचं. त्यांनी खरंच नीट बघितलं, एकेक पदार्थ काय ते विचारलं आणि बटाट्यावर बोट ठेवून म्हणाल्या, हा आम्ही भाजीत धरत नाही, हा भाताच्या बाजूला. म्हणजे त्या ताटात भाजी नव्हतीच. पोळी, भात, बटाटा सगळं एकाच खान्यातलं! वरण मोजतात, पण इथे दिवसाला भाज्या-फळांचे जे पाच पोर्शन खायला सांगतात, त्यातलं कितीही वाट्या खाल्लं तरी एकच.

तुम्हीही डॉक्टरांकडे जाताना असा फोटो न्याच, दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये तोंडी सांगून त्यांना काहीच कळत नाही.

घरी येऊन तो फोटो मी परत बघत बसले. ताटाच्या डाव्या बाजूला कोशिंबीर नाहीच. आमच्याकडे कोशिंबिरीशिवाय पान वाढलंच जायचं नाही, इथे ऑफिस आणि थंडीच्या गडबडीत ती कधी सुटली समजलंच नाही, फार वाईट वाटलं मला. मग काकडी चोचवून वजनकाट्यावर ठेवली, इथलं एक पोर्शन म्हणजे 80 ग्रॅम, जेमतेम एक वाटी भरते हो!

आईला सगळं सांगितलं तर ती लगेच म्हणाली, बटाटा निम्मा कर आणि मेथी घाल. इंडियन दुकानात फ्रोझन मेथी मिळते, काल तीच केली.