सेवाग्रामचे वैद्यकीय शिक्षण आणि त्यामागची गावे

नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. तेव्हापासून राज्यातील बहुतेक वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्या महाविद्यालयांचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदव्या या एका छत्राखाली आल्या. परंतु डॉक्टर घडतो तो विद्यापीठाच्या मुख्यालयात नव्हे, तर संलग्न महाविद्यालयाच्या रुग्णालयात. त्यामुळे अशा विद्यापीठाविषयी बोलायचे तर त्याच्या एखाद्या महाविद्यालयाच्या वॉर्डात जाऊनच बोलावे, असे मला वाटते. मी वर्धा जिल्ह्यातला असल्याने माझ्या डोळ्यांसमोर सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था येते. आमच्याकडे तिला कोणी संस्था म्हणत नाही. 'कस्तुरबा' किंवा नुसते 'सेवाग्राम' म्हटले की दवाखाना समजायचा.

दवाखाना आधी आणि महाविद्यालय नंतर, हा इथला क्रम महत्त्वाचा आहे. १९४४ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांचे निधन झाले, तेव्हा गांधीजींच्या निकटच्या सहकारी डॉ. सुशीला नायर तिथेच बंदिवासात होत्या. पुढे सेवाग्रामात कस्तुरबांच्या नावाने स्त्रिया आणि मुलांसाठी लहानसा दवाखाना सुरू झाला आणि त्याची जबाबदारी सुशीलाबहेनांनी वाहिली. १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६९ साली, त्यांनी याच दवाखान्याला जोडून खेड्यातले वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. खर्चाचा अर्धा वाटा केंद्र सरकारने, पाव वाटा राज्य सरकारने आणि उरलेला पाव वाटा संस्था चालवणाऱ्या कस्तुरबा हेल्थ सोसायटीने उचलायचा, अशी रचना ठरली.

सेवाग्रामची ओळख बाहेर बहुधा खादी, प्रार्थना आणि श्रमदान यांच्यावरून सांगितली जाते. प्रवेश घेतलेले विद्यार्थी वर्ग सुरू होण्यापूर्वी सुमारे पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतात, झाडलोट करतात, सूत कातायला शिकतात. याचे मोल मी कमी लेखत नाही. तरीही या शिक्षणाचे खरे बळ त्यानंतरच्या टप्प्यात आहे, असे माझे मत आहे. पहिल्या वर्षाची प्रत्येक तुकडी परिसरातील एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिरासाठी मुक्काम करते आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला काही कुटुंबे येतात. शिबिर संपल्यावर संबंध संपत नाही. पुढील वर्षांतही त्याच कुटुंबांकडे ठरावीक काळाने जावे लागते. शरीररचनाशास्त्राची पुस्तके नुकतीच उघडलेल्या वयात मुलामुलींना कळते की, रक्तक्षय असलेल्या सुनेला लोहाच्या गोळ्या दिल्या, तरी ती घरात सर्वांत शेवटी जेवते हे गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलेले नसते.

या सवयीचा परिणाम वॉर्डात कसा दिसतो, ते मी जवळून पाहिले आहे. माझी मावशी दम्यासारख्या त्रासाने मेडिसिनच्या वॉर्डात दाखल होती. सकाळच्या राऊंडला वरिष्ठ डॉक्टर आले, त्यांच्यामागे रेसिडेंट, इंटर्न आणि वह्या घेतलेले विद्यार्थी. एका विद्यार्थिनीने केस मांडली: वय, तक्रार, किती दिवसांपासून, छातीत काय ऐकू येते. सर्व ऐकून घेतल्यावर डॉक्टरांनी तिला विचारले, "यांच्या घरी स्वयंपाक कशावर होतो?" तिला उत्तर देता आले, कारण तिने आदल्या संध्याकाळी मावशीजवळ स्टुलावर बसून चूल कुठे आहे, खोलीला खिडकी आहे का, तुराट्या-पऱ्हाट्या जाळता का, हे सगळे विचारून घेतले होते. मावशीने कधी विडीला हात लावलेला नव्हता. बिडी न ओढणाऱ्या बाईची फुप्फुसे चाळीस वर्षांच्या धुराने कशी निकामी होत जातात, हे डॉक्टरांनी तिथे खाटेजवळच, मावशीला कळेल अशा मराठीत समजावले. विद्यार्थिनीचा धडा आणि रुग्णाचा सल्ला एकाच वेळी झाला. अध्यापन आणि उपचार ही दोन वेगळी कामे नाहीत, हे इतक्या स्पष्टपणे मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

संशोधनाचेही तसेच. वर्धा जिल्हा हत्तीपायाच्या पट्ट्यात मोडतो. या रोगाचे सूक्ष्म जंतू प्रामुख्याने रात्री रक्तात उतरतात; म्हणून तपासणी करणाऱ्यांना मध्यरात्रीच्या सुमारास घरोघर जाऊन, झोपलेल्या माणसांना उठवून बोटाचे रक्त घ्यावे लागे. डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी सेवाग्रामच्या जीवरसायनशास्त्र विभागात या रोगाच्या निदानावर कित्येक वर्षे काम केले. दिवसा घेतलेल्या रक्तातूनही निदान करता येईल अशी चाचणी हवी, हा प्रश्न जिथे गावेच्या गावे या रोगाने ग्रासलेली आहेत तिथे साहजिकच निकडीचा होता.

दुसरे उदाहरण क्षयरोगाचे. संस्थेतील डॉक्टर, परिचारिका आणि विद्यार्थी मिळून ७२६ जणांची दोन चाचण्यांनी तपासणी झाली: एक जुनी, त्वचेत टोचून करायची आणि दुसरी नवी, महागडी, रक्तावर करायची. निष्कर्ष २००५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रत्येक चाचणीत सुमारे ४० टक्के जणांमध्ये सुप्त, म्हणजे शरीरात जंतू असूनही आजार न झालेला, संसर्ग आढळला आणि दोन्हींचे निकाल बऱ्याच अंशी जुळले. ज्या रुग्णालयाला एकेक रुपया मोजून वापरावा लागतो, त्याच्या दृष्टीने स्वस्त चाचणी अजून उपयोगी आहे हे कळणे मोलाचे होते. त्याहून मोठी गोष्ट अशी की, रुग्णांची सेवा करणारे लोक स्वतः किती धोक्यात काम करतात, हे त्यांनी स्वतःलाच तपासून जगापुढे मांडले.

ज्वारी देऊन मिळणाऱ्या आरोग्य विम्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहायला हवे. सेवाग्रामच्याच डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिसरातील गावांत अशी योजना उभी केली की, सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची: जास्त जमीन असलेल्याने जास्त, भूमिहीनाने कमी. त्या बदल्यात वर्षभर आजारपणाला आधार मिळायचा. अचानक ओढवलेल्या आजाराचा उपचार मोफत, तर बाळंतपणासारख्या आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी सवलतीचा दर. गावातील किमान तीन-चतुर्थांश कुटुंबे सहभागी झाली तरच गाव योजनेत घेतले जाई. या अटीमागे विचार होता. केवळ आजारी घरांनीच वर्गणी भरली तर कोणताही विमा टिकत नाही, आणि सारे गाव एकत्र बसून ठरवते तेव्हा गरिबाचा वाटाही गावाच्या नजरेत राहतो. शेतकऱ्याच्या हातात रोकड नसते पण खळ्यावर धान्य असते, हे ओळखून आखलेली ही योजना मला अनेक मोठ्या सरकारी योजनांपेक्षा अधिक शहाणपणाची वाटते. ज्वारीचा पेरा आमच्याकडे कमी होऊन कापूस आणि सोयाबीन वाढले, हा बदलही यात लक्षात घ्यावा लागतो.

पूर्वी सेवाग्रामची प्रवेश परीक्षा स्वतंत्र होती आणि तिच्यात गांधीविचारांवर एक पेपर असे. 'नीट' ही देशभराची सामायिक प्रवेश परीक्षा आल्यावर तो गेला. याबद्दल हळहळ व्यक्त करणारे पुष्कळ भेटतात. पाठांतर करून सोडवलेल्या पेपरने कोणाची वृत्ती घडत असेल, यावर माझा फारसा विश्वास नाही. गावभेटी आणि वॉर्डातील शिकवणे टिकले तर मूळ हेतू शाबूत राहील.

गेल्या काही वर्षांत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने देशभरातील एमबीबीएस विद्यार्थ्यांना कुटुंबे दत्तक घेण्याचा कार्यक्रम लागू केला आहे. सेवाग्रामने अनेक दशके चालवलेली पद्धत अभ्यासक्रमात आली, याचा मला मनापासून आनंद आहे. तिचे यश मात्र लॉगबुकातील सह्यांवरून मोजता येणार नाही. विद्यार्थ्यांबरोबर शिक्षक स्वतः गावात जातो का, भेटीत सापडलेला रुग्ण रुग्णालयात आला तर त्याला ओळखणारे कोणी तिथे असते का आणि त्याच गावात पुढच्या वर्षीही जाणे होते का, हे पाहावे लागेल. मुलामुलींच्या प्रवेशासाठी महाविद्यालये पाहायला जाणाऱ्या पालकांनी फी आणि वसतिगृहाबरोबर हे तीन प्रश्नही विभागप्रमुखांना अवश्य विचारावेत.