कॉसफर्डचे जग्वार: उडत नव्हते, पण चालू होते

बर्मिंगहॅमहून श्रूझबरीकडे जाणारी गाडी वुल्व्हरहॅम्प्टन मागे टाकते आणि थोड्याच वेळात कॉसफर्ड नावाचं एवढंसं स्टेशन येतं. बाहेर पडलं की ब्रिटिश हवाई दलाचा तळ, आणि चालत जाण्यासारख्या अंतरावर त्यांचं संग्रहालय. माझ्याबरोबर दाजी होते. भारतीय वायुदलात इंजिन फिटर म्हणून त्यांची हयात गेली, त्यातली बरीचशी वर्षं जग्वार या लढाऊ विमानावर. लेकीकडे इंग्लंडला आले होते. लंडन दाखवून झालं, त्यावर "बरं आहे" एवढंच म्हणाले. कॉसफर्डला जग्वार अजून चालू स्थितीत ठेवलेत म्हटल्यावर मात्र सकाळी माझ्या आधी बूट घालून तयार.

संग्रहालय मोफत आहे आणि उत्तम आहे. शीतयुद्धाच्या दालनात व्हॅलियंट, व्हिक्टर आणि व्हल्कन ही तिन्ही बॉम्बर एका छताखाली आहेत, असं दृश्य जगात दुसरीकडे कुठे नाही. दाजी त्यांच्याखालून हात मागे बांधून फिरले आणि म्हणाले, "छान पुसलेत." आपल्याकडच्या चौकाचौकात खांबावर चढवलेली, दरवर्षी रंग काढणारी विमानं त्यांना कधीच आवडली नाहीत. ज्याच्या टाकीत तेल नाही ते त्यांच्या लेखी विमानच नव्हे.

आम्ही आलो होतो ते संध्याकाळसाठी. तळावर तंत्रज्ञांची शाळा आहे, नंबर वन स्कूल ऑफ टेक्निकल ट्रेनिंग. १९२०च्या सुमारास हॉल्टनला सुरू झालेली, १९९०च्या दशकात इथे हलवलेली. पोरंपोरी इथे विमानाची देखभाल शिकतात, आणि त्यांच्या हाताखाली द्यायला निवृत्त लढाऊ विमानं ठेवलेली आहेत. आम्ही गेलो तेव्हा त्यात जग्वारचा मान मोठा होता, कारण त्यांची इंजिनं खरोखर चालू करत. अधूनमधून छायाचित्रकारांसाठी तिकीट लावून रात्रीचा कार्यक्रम होई, त्यातलाच हा एक. नोव्हेंबरची बोचरी थंडी, आणि ट्रायपॉड, घडीच्या शिड्या, थर्मास घेऊन आलेली हौशी मंडळी. विमानवेड्या इंग्रज माणसाची शिडी हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

ब्रिटिशांनी जग्वार २००७ साली निवृत्त केलं, फ्रान्सने त्याच्या दोन वर्षं आधी. दोघांनी मिळून बनवलेलं हे विमान १९६८च्या सप्टेंबरात पहिल्यांदा उडालं. ओबडधोबड धावपट्टीवरून कामाला यावं म्हणून उंच, दणकट पाय दिले. १९७५ साली तर ब्लॅकपूलजवळच्या नव्या महामार्गावर उतरवून, तिथूनच परत उडवून दाखवलं होतं. कॉसफर्डची धावपट्टी जेमतेम अकराशे मीटरच्या वर, तरीही इथल्या काही जग्वारांनी शेवटचं उड्डाण करून स्वतःच्या पायांनी इथे टेकलं, असं तिथला प्रशिक्षक सांगत होता.

अंधार पडला तसं काम सुरू झालं. आधी पोरांची एक रांग जमिनीकडे बघत चालत गेली. खडा, खिळा, वायरचा तुकडा, जे दिसेल ते उचलायचं. इंजिनाने एक स्क्रू ओढून घेतला तरी पाती जातात. मग चाकांना चोक म्हणजे अडवणारे ठोकळे, अग्निशामक जागेवर, कानांवर जाड डिफेंडर. एक मुलगी लांब वायरचा हेडसेट लावून नाकाशी उभी राहिली. वय असेल एकोणीस-वीस.

सुरुवात एका किणकिणत्या शिट्टीने होते. विमानाच्या पोटात मायक्रोटर्बो नावाचं एक छोटं टर्बाइन आहे, ते हवेचा दाब देऊन मोठं इंजिन फिरवतं. शिट्टी चढत गेली, तिच्याखालून अडोर नावाच्या त्या मोठ्या इंजिनाची घरघर उठली, आणि मागच्या दिव्यांचा उजेड गरम हवेत थरथरायला लागला. मग दुसरं इंजिन. आता बोलणं संपलं, पुढचं सगळं हातवाऱ्यांवर.

"पंख नको बघू, शेपूट बघ," दाजी माझ्या कानात ओरडले. जग्वारच्या पंखाला एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या हलत्या फळ्या, नाहीत. वळायला पंखावरच्या झडपा, म्हणजे स्पॉयलर, उघडतात आणि शेपटीचे दोन पाट एकमेकांच्या उलट हलतात. कॉकपिटातल्या माणसाने काठी हलवली तसा एक पाट वर गेला, एक खाली. त्या मुलीने दोन्हीकडे पाहून घेतलं, हाताने खूण केली, मग पुढची तपासणी. या सगळ्यात ती इंटेकच्या, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या तोंडाच्या, लाल खुणेच्या आत एकदाही गेली नाही. फिरायचं तर लांबून वळसा. माझ्या मते ही विमानं चालू ठेवण्याचं खरं कारण तो वळसा आहे. बंद विमानाभोवती पोरं कुठूनही जातात, वहीत आकृती काढून धोक्याचा पट्टा पाठही करतात. पण तो आवाज छातीत घुसल्यावर, कपडे इंजिनाच्या दिशेने ओढले गेल्यावर पाय जे शिकतात ते वहीत येत नाही.

खर्च आहेच. उभ्या विमानाची सीलं सुकतात, हायड्रॉलिक गळायला लागतं, टायर एका जागी चपटे होतात. चालू ठेवायचं तर एकाचं काढून दुसऱ्याला लावायचं. प्रशिक्षकाने हे खांदे उडवत सांगितलं, त्यावर दाजी मनापासून हसले. आपल्याकडे जग्वार अजून सेवेत आहे, म्हणून फ्रान्स आणि ओमानने निवृत्त केलेली विमानं सुट्या भागांसाठी आणावी लागली. १९७९ साली अंबाल्याला आलेली सुरुवातीची विमानं तर ब्रिटिश हवाई दलाकडूनच उसनी घेतलेली, ती पुढे परत केली. "म्हणजे यातलं एखादं अंबाल्याचं पाणी पिऊन आलं असेल," असं दाजींनी मला मराठीत आणि त्याला त्यांच्या इंग्रजीत सांगितलं. मग दोघं अडोरची ताकद उन्हाळ्यात कशी कमी पडते यावर जे सुरू झाले ते थांबेनात. जग्वार उडतं ते पृथ्वी गोल आहे म्हणून, धावता धावता जमीनच खाली सुटते, हा विनोद दोघांनाही माहीत होता. मी नुसता थर्मास धरून उभा.

इंजिनं बंद झाल्यावर बरेचसे छायाचित्रकार पांगले. पोरांचं काम संपलं नव्हतं. तांबड्या फिती लावलेल्या पिना परत जागेवर, इंटेकवर झाकणं, आणि हत्यारांची पेटी उघडून प्रत्येक पाना त्याच्या आकाराच्या खाचेत बसलाय का ते पाहणं. एक खाच रिकामी दिसली तर सगळे अडकून. त्या रात्री सगळं जागेवर होतं. दाजींनी तरी वाकून एकदा पेटीत पाहिलंच.

जायचा विचार असेल तर संग्रहालयाला अर्धा दिवस तरी द्या. तळाच्या आत मात्र मनात आलं म्हणून शिरता येत नाही. जूनमध्ये इथे हवाई कसरतींचा मेळा भरतो तेव्हा, किंवा असा तिकिटाचा कार्यक्रम असेल तेव्हाच. गाडीने गेलात तर पार्किंगचे पैसे पडतात, रेल्वे सोयीची. रात्री थांबणार असाल तर शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, आणि बरोबर एखादा निवृत्त फिटर असेल तर तिच्या एक गाडी आधीची धरा.